शेवटी नाकाने

७ फेब्रुवारी

धाकटे,

तुझी चिठ्ठी पोचली. सहा वर्षांनी दोन ओळी, त्याही टाइप केलेल्या. "व्हेपच्या 'गरम दालचिनी' या लिक्विडची नोंदवलेली कृती सोबत जोडली आहे. बाजारात जाणाऱ्या बाटलीत हेच असतं का, ते लेखी कळवावं." कळवावं म्हणे. तुझ्या डोक्यातल्या उवा काढल्यात मी, आणि आता मी तुला कळवावं. बरं, कळवते.

फोन करून पाहिला. तू उचलला नाहीस, म्हणून कागद घेतला. एका अर्थी बरंच आहे. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

कारखान्याच्या मालकांनी मला सगळं सांगितलंय. हा फ्लेवर शरीराच्या प्रतिकारशक्तीला बाधतो का, हे तुझी प्रयोगशाळा तपासणार आणि २० मार्चला समितीसमोर अहवाल ठेवणार. अहवाल चांगला आला तर बाटली बाजारात राहील, नाहीतर उठेल. फ्लेवर करणारी तुझी सख्खी बहीण आहे हे तू समितीला आधीच सांगून टाकलंस म्हणे. मालक म्हणाले, बरं झालं, घरातलंच माणूस आहे. मी म्हटलं, तुम्ही तिला ओळखत नाही.

तर उत्तर: हो. शंभर भागांत दालचिनीचा अर्क एक भाग, व्हॅनिला अर्धा भाग, बाकी नुसतं पातळ द्रव. नोंदणीसाठी कार्ड मीच उतरवून दिलं होतं, अक्षर ओळखलं असशील. तुला हवं होतं ते लेखी मिळालं.

आणि विषय निघालाच आहे तर एक सांगते. तू त्या दिवशी माझ्या टेबलावर बसून, माझ्या हातचं जेवून, तेरा वर्षांच्या पोरीसमोर म्हणालीस, "ताई, बिस्किटात चालतं ते छातीत चालेल कशावरून? तू काय बनवतेस ते तुला तरी माहीत आहे का?" मी तुला दार दाखवलं. त्याचा मला पश्चात्ताप नाही. आई गेल्यावर तुला वाढवलं ते याच वासांच्या नोकरीवर. तू शिकलीस ती याच नाकाच्या जोरावर. आजही कारखान्यात मला माझ्या नावाने कोणी हाक मारत नाही, "नाकाला विचारा" असंच म्हणतात.

भिंगरी बरी आहे. आता एकोणीस पूर्ण झाली, तरी नावाप्रमाणेच गरगर फिरत असते. थोडा खोकला आहे, हवा बदलली की होतोच. तिच्या कॉलेजातली अर्धी पोरं ती व्हेपची धुराची नळी तोंडात धरून फिरतात. ही नाही हो त्यातली. तिने असल्या कशाला हात लावला तर मला जिन्यातच कळेल.

— ताई

१८ फेब्रुवारी

धाकटे,

प्राथमिक निकालाची प्रत मालकांनी दाखवली. तीन वेळा वाचली. पहिल्यांदा काही कळलं नाही, दुसऱ्यांदा तुझी ऐट कळली, तिसऱ्यांदा मजकूर कळला.

मला समजलं ते असं. निरोगी माणसांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तू काचेच्या बशीत ठेवल्यास. या पेशींचं काम जंतू दिसला की गिळायचा. त्यांच्यावर कार्डातल्या मापाने तुम्हीच बनवलेलं माझं लिक्विड घातलंस आणि मग जंतू सोडलेस. शंभरातल्या ऐंशी पेशींनी जंतू गिळले. लिक्विड न घातलेल्या बशीत सत्त्याऐंशींनी. दुसऱ्या दिवशी दोन्ही बशा सारख्याच. तू लिहिलंयस, "नोंदवलेल्या मात्रेत अल्प व तात्पुरता परिणाम."

म्हणजे सहा वर्षांपूर्वी जे बोललीस ते गिळावं लागलं की नाही? मी चिडवत नाहीये. थोडं चिडवतेय.

मालकांनी सगळ्यांना चहा पाजला. तोलणाऱ्या काकू तेवढ्या गप्प होत्या. काकू आमच्याकडे सगळे अर्क काट्यावर तोलून देतात, माझ्याही आधीपासून आहेत. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुमचं नाक हल्ली फार मागायला लागलंय हो." मी हसण्यावारी नेलं.

भिंगरीचा खोकला आता छातीत उतरलाय. ताप येतो-जातो. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. नोव्हेंबरात एकदा असंच झालं होतं आणि जानेवारीतही. हे मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं, कारण तू लगेच प्रश्न विचारायला लागतेस.

पेशींना किती दिवस लिक्विडात ठेवलं होतंस? एकच दिवस ना? सहज विचारलं.

— ताई

२६ फेब्रुवारी

धाकटे,

भिंगरीला दवाखान्यात ठेवलंय. शुक्रवारी जिना चढताना मध्येच बसली आणि म्हणाली, "आई, वर येत नाही." मला वाटलं चेष्टा करतेय, म्हटलं, नाटकं पुरे, ऊठ. ओठ पाहिले आणि हातातल्या पिशव्या तिथेच टाकल्या.

दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया आहे. चार महिन्यांत तिसऱ्यांदा छाती भरलीय. नाकाला प्राणवायूची नळी लावलीय. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्यासारख्याच, समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाहीत. त्या म्हणाल्या, या वयात एवढ्या वेळा व्हायला नको, हिचं शरीर जंतूशी नीट लढत का नाही ते बघावं लागेल. मग त्यांनी मला बाहेर पाठवलं आणि तिला एकटीला काहीतरी विचारलं. बाहेर आल्या तेव्हा माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होत्या.

तिचे कपडे आणायला घरी गेले. मोज्यांच्या कप्प्यात हात घातला तर हाताला ती लागली. बोटभर लांब काळी नळी. मागे रिकाम्या बाटल्या अकरा, अर्ध्या भरलेल्या तीन. सगळ्या 'गरम दालचिनी'. लेबलावरचा तो लाल रंग मीच निवडला होता, मालकांना तपकिरी हवा होता.

मी तिथेच पलंगावर बसले. एक बाटली उघडून नाकाशी धरली. मग बूच लावलं, कपडे भरले आणि परत गेले.

तिला अजून काही बोलले नाही. तिला धाप लागते, आणि मी बोलायला लागले की थांबत नाही हे तुला माहीत आहे.

आता मला बहीण म्हणून सांग, अहवालवाली म्हणून नको. तुझ्या बशीत पेशी दुसऱ्या दिवशी बऱ्या झाल्या. मग माझी पोर का बरी होत नाही?

ताई

३ मार्च

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. हाताने लिहिलंयस. अक्षर अजून कोंबडीचे पाय.

तू विचारलंस ते आधी सांगते. ती साधारण एक वर्ष ओढतेय. आठवड्याला एक बाटली, कधी दोन. हे तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, त्यांनी मला.

तू लिहितेस, कार्डाच्या मात्रेत जे दिसलं त्यावरून एवढा आजार यावा असं तुला वाटत नाही, पण बशीवरून माणसाबद्दल बोलता येत नाही, आणि तिचा आजार कदाचित वेगळ्याच कशाने असेल. हे तू माझ्या समाधानासाठी लिहिलं नाहीस हे मला कळतं. तुला खोटं समाधान करता येतच नाही. लहानपणी मेलेल्या मांजराबद्दलसुद्धा तुला खरं तेच सांगायचं असायचं.

आणि मग खाली, वेगळ्या ओळीत: "ताई, बाटलीत कार्डावरचंच असतं ना? पुन्हा विचारतेय."

दोन दिवस त्या ओळीचं उत्तर लिहितेय आणि फाडतेय.

ऐक. माझ्या टेबलाच्या खणात जे मूळ कार्ड आहे, त्यात खाली आणखी एक ओळ आहे. आमच्या धंद्यात प्रत्येक कार्डावर ती असते: "शेवटी नाकाने." म्हणजे मापाने सगळं घालून झालं की फ्लेवर करणाऱ्याने कागदाची पट्टी बुडवायची, हुंगायची आणि कमी वाटलं तर वरून घालायचं. अर्क दर खेपेला सारखा येत नाही. एखादा कॅन तेज असतो, एखादा मरगळलेला. ते काट्याला कळत नाही, नाकाला कळतं. माझ्या गुरूंनी मला हेच शिकवलं: काटा मोलकरीण, नाक मालकीण. हे वरचं घातलेलं कोणी लिहून ठेवत नाही. लिहिणं म्हणजे नाकावर अविश्वास.

नोंदणीसाठी कार्ड उतरवलं तेव्हा मी ती ओळ गाळली. लबाडी म्हणून नाही. सरकारी कागदावर "नाकाने" काय लिहायचं, हसले असते. आणि तेव्हा शंभर लिटरच्या पिंपाला वरून जायचं ते कपभर. त्याने काही फरक पडत नव्हता.

तेव्हा.

भिंगरीला काल औषध बदललं. ताप एकशे दोनच्या खाली येत नाहीये. आज इथेच थांबते.

ताई

८ मार्च

धाकटे,

हे पत्र एका बैठकीत लिहिते, नाहीतर पुन्हा फाडीन.

काल दुपारी भिंगरी जरा हुशारीत होती. उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "आई, एक विचारू? चिडणार नाहीस?" मी म्हटलं, चिडायचं ते सगळं चिडून झालंय, विचार.

म्हणाली, "तुला चालत होतं ना?"

मला कळेना. मी म्हटलं, काय चालत होतं?

"मी घरातच ओढायचे, आई. माझ्या खोलीत. बाथरूममध्ये. तू स्वयंपाकघरात असलीस की सोफ्यावर. मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या आईला तर लगेच कळणार, तिचं नाक केवढं. पहिल्या दिवशी मी मुद्दाम दार उघडं ठेवलं होतं. तू आत आलीस, कपड्यांच्या घड्या ठेवल्यास, मला म्हणालीस खिडकी लाव, गार वारा येतोय, आणि गेलीस. मी वाट बघत होते की तू ओरडशील. तू काहीच बोलली नाहीस. मग मला वाटलं, तुला चालतंय. तुझाच तर फ्लेवर आहे."

एवढं बोलून तिला धाप लागली. मी पाणी दिलं. ती झोपल्यावर मी बाहेर बाकावर जाऊन बसले. एक नर्स येऊन विचारून गेली, तुम्हाला बरं नाही का.

मला वास येत नाही, धाकटे.

दोन वर्षं झाली. मागच्याच्या मागच्या थंडीत मला तो आठवड्याचा ताप आला होता. ताप गेला आणि वासही गेला. सगळे म्हणतात, काही आठवड्यांत येतो परत. महिना झाला, चार महिने झाले. सकाळी उठून चहाच्या डब्यात नाक खुपसायचे. काही नाही. साबण नाही, घाम नाही, करपलेलं दूध नाही. भिंगरी लहान असताना तिच्या टाळूला येणारा वास मला पाठ होता, तो आठवूनही येईना.

कोणाला सांगणार? नाकाने नाक गेलं म्हणून सांगायचं? बावीस वर्षं मी दुसरं काही शिकले नाही. वाटलं, येईल, तोवर भागवू.

आणि भागवलं, ते कसं तेही सांगते. व्हॅनिला, फळं, लोणी, यांचा मला पत्ताच लागत नाही, ते मी कार्डाच्या मापानेच घालते, वरून थेंबही नाही. पण दालचिनीचं वेगळं आहे. तिचा वास गेला तरी ती झोंबते. मिरची झोंबते तशी नाकाच्या आत, वरच्या बाजूला झोंबते. ते झोंबणं मला अजून कळतं. म्हणून मी पट्टी हुंगायचे आणि झोंबेपर्यंत घालत राहायचे. मला वाटायचं, पूर्वी एवढंच झोंबत होतं. ते कशावरून वाटायचं, देवालाच ठाऊक.

लोकांना आवडलं, हीच तर पंचाईत. मालक म्हणाले, यंदाची दालचिनी काय तेज झालीय, खप वाढला, तुमच्या हाताला जादू आहे. मी मान डोलावली.

आज कारखान्यात जाऊन मी तोलणाऱ्या काकूंना विचारलं. त्यांनी वहीत बघितलं नाही, त्यांना तोंडपाठच होतं. दोन वर्षांपूर्वी दालचिनीच्या अर्काचा एक कॅन महिनाभर पुरायचा. आता दहा दिवसांत संपतो. पिंपं तेवढीच भरतात.

मी म्हटलं, काकू, मग बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, "नाकाला काट्याने काय सांगायचं?"

तेव्हा तुझ्या चिठ्ठीचं खरं उत्तर हे आहे. नाही. बाटलीत कार्डावरचं नसतं. तिप्पट असतं. तू ज्या लिक्विडाला चांगलं म्हणणार आहेस ते कोणी ओढतच नाही. जे ओढतात ते माझ्या मेलेल्या नाकाने केलेलं आहे, आणि त्यातल्या वर्षभराच्या बाटल्या माझ्या पोरीच्या छातीत गेल्या.

तिच्या कप्प्यातल्या तीन अर्ध्या बाटल्या सोबतच्या डब्यात पाठवतेय. बॅच नंबर पुसू दिले नाहीत.

ताई

१५ मार्च

धाकटे,

काल तू आलीस आणि मला काही बोलता आलं नाही. चार तास शेजारी बसून मी तुला काय विचारलं, तर गाडीत जागा मिळाली का. म्हणून पुन्हा कागद.

तू दारात उभी राहिलीस आणि भिंगरी म्हणाली, "मावशी, तू म्हातारी झालीस." बरं झालं ती बोलली. नाहीतर आपण दोघी तशाच उभ्या राहिलो असतो.

तू म्हणालीस, माझ्या शब्दावर चालणार नाही, तपासावं लागेल. मग पिशवीतून दहा पट्ट्या काढल्यास, माझ्याच धंद्यातल्या, आणि माझ्या डोळ्यांवर भिंगरीचा रुमाल बांधलास. भिंगरी तापाच्या तक्त्यामागे बरोबर-चूक लिहीत होती. मी प्रत्येक पट्टी अशी ऐटीत हुंगत होते, अजूनही, काय सांगू तुला. दहातल्या तीन ओळखल्या. पुदिना, लवंग, दालचिनी. झोंबणाऱ्या तेवढ्या. एका पट्टीला मी ठामपणे "लिंबू" म्हटलं. ती कोरी होती. भिंगरी हसली आणि मग हसता हसता रडायला लागली. तू पट्ट्या गोळा केल्यास आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ नाक शिंकरत राहिलीस.

मग तू बाटल्यांचे आकडे सांगितलेस. दालचिनी एकीत दोन पूर्णांक आठ भाग, दुसरीत तीन पूर्णांक एक, तिसरीत तीन पूर्णांक चार. आणि पेशी: शंभरातल्या बाराच पेशींनी जंतू गिळले. दुसऱ्या दिवशीही चौदा. बाकीच्या जिवंत होत्या, जंतू शेजारी होता, आणि त्या नुसत्या पडून होत्या.

भिंगरीने विचारलं, "मावशी, म्हणजे मी त्यानेच आजारी पडले?" तू म्हणालीस, "माहीत नाही. हे काचेतलं आहे, तुझ्या छातीतलं नाही." ती म्हणाली, "मग कशावरून कळेल?" तू म्हणालीस, "अजून कशावरूनच नाही." मला तेव्हा तुझा राग आला. हो म्हटलं असतंस तर बरं झालं असतं, मी एकदाची रडले असते. नाही म्हटलं असतंस तरी चाललं असतं. हे "माहीत नाही" घेऊन मी कुठे जाऊ?

पण सहा वर्षांपूर्वीही तू एवढंच म्हणाली होतीस. तू विष म्हणाली नव्हतीस. 'विष' हे मी ऐकलं होतं. तू म्हणाली होतीस, माहीत नाही.

जाताना जिन्यात तू सांगितलंस ते लिहून ठेवते, म्हणजे मला पळता येणार नाही. उघडलेल्या बाटल्या समिती मानत नाही, कोणीही काहीही मिसळलं असेल म्हणतील. दुकानातला नमुना नियमात बसत नाही, तो कारखान्यानेच द्यायचा; आणि तशा नव्या बंद बाटल्या मागवाव्या तर मालक कार्डाप्रमाणे करून पाठवतील. म्हणजे २० तारखेला टेबलावर फक्त कार्डाचा निकाल असेल, "अल्प व तात्पुरता". बाटली राहील. आणि हे बदलू शकेल असं माणूस एकच आहे. तू म्हणालीस, "काय कर ते मी सांगणार नाही, ताई. सांगितलं तर म्हणतील बहिणीने पढवलं."

आज मालकांना भेटले. वाईट माणूस नाहीये गं. भिंगरीसाठी फळं पाठवली होती. सगळं ऐकून डोक्याला हात लावून बसले. म्हणाले, "वीस तारखेपुरतं गप्प राहा. नंतर आपण माप दुरुस्त करू, कोणाला कळायची गरज नाही. आज हे बोललात तर कारखाना बसेल, आणि तुम्हाला कोण दारात उभं करेल? तुम्ही केलेल्या प्रत्येक बाटलीवर शंका घेतील." खरं आहे त्यांचं. बावीस वर्षांतली वीस चांगली होती, तीही जातील. काकू आणि बाकी साठ माणसं माझ्याकडे बघतील ते वेगळंच.

मी त्यांना म्हटलं, विचार करते. खरंच करतेय. तुला वाटत असेल ताई धाडसाची. मी कसली धाडसाची, मी दोन वर्षं कोरी पट्टी हुंगून मान डोलावलीय.

ताप शंभरवर आलाय. तिने आज पाव खाल्ला.

ताई

२० मार्च, सकाळी

धाकटे,

मी तुझ्यापासून एका भिंतीच्या अंतरावर आहे. बैठकीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेय. साडी इस्त्रीची आहे, चपला भिंगरीच्या आहेत, माझ्या सापडल्या नाहीत. शिपाई भला दिसतो, त्याच्या हाती हे आत पाठवते. मला बोलावण्याआधी वाच.

भिंगरी काल घरी आली. जिना तीन ठिकाणी थांबून चढली. वर आल्यावर तिने तिचा कप्पा उघडून दाखवला, आत नुसते मोजे. मग म्हणाली, "आई, उद्या तू काय सांगणार?" मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू नको, सांग. माझ्या वर्गात सात जण हाच ओढतात. त्यांच्या आयांनाही वास येत नसेल." आयांबद्दल ते बरोबर नाही, त्यांची नाकं शाबूत असतील. पण सात जण ऐकल्यावर मला जेवण गेलं नाही.

तर मी काय सांगणार ते असं. मूळ कार्ड पदराखाली आणलंय, शेवटच्या ओळीसकट. कॅन किती दिवसांत संपतात ते काकू येऊन सांगणार आहेत. मी त्यांना बोलावलं नव्हतं. आज बसथांब्यावर माझी वाट बघत उभ्या होत्या, म्हणाल्या, चला.

मालकांचे वकील आत गेलेत. ते म्हणणार, या बाईंचं नाक ठीकठाक आहे, बहिणीला मोठं करायला खोटं बोलतायत. तुझ्या दहा पट्ट्यांनाही ते हसतील, दवाखान्यात रुमाल बांधून केलेला खेळ म्हणतील. विचारतील, तुम्हाला वास येत नाही याला पुरावा काय?

पुरावा आहे माझ्याकडे. दुसरा कुठलाही मला सांगता आला असता तर हा सांगितला नसता. मी म्हणणार आहे, हा फ्लेवर मी केलाय, जगात कोणापेक्षाही मला तो जास्त ओळखीचा आहे. माझ्या मुलीने तो माझ्या घरात, दार उघडं ठेवून, एक वर्ष ओढला. ती वाट बघत होती मी तिला ओरडेन म्हणून. मी आत गेले, कपड्यांच्या घड्या ठेवल्या आणि खिडकी लाव म्हणून सांगितलं.

शिपाई उठलाय. एवढंच मागते, मी हे सांगत असताना तू माझ्याकडे बघू नकोस. कागदात बघ, पेन हुडक, काहीही कर. तू रडायला लागलीस की मला बोलता येत नाही, आणि आज मला शेवटपर्यंत बोलायचंय.

तुझी,
ताई